दूध उतू जायच्या आत पोशाख

मामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते अमरावतीच्या अंबागेटातून उलटे चालत बाहेर येत होते. पागोट्याचं एक टोक त्यांच्या डोक्यावर होतं आणि दुसरं बऱ्याच अंतरावर मामींच्या मुठीत. मामी कापड ताणून धरून पुढे येत होत्या आणि मामा ते डोक्याभोवती गुंडाळत मागे मागे सरत होते. मामींच्या कमरेवर वांग्यांची टोपली. दोघांच्या मधून कोणालाच जाता येईना, म्हणून गेटात गाड्या खोळंबल्या होत्या.

"अहो, मांगं बैल हाय!" मामी ओरडल्या.

"बैलाले डोये हायेत ना? त्याले दिसतो मी!" असं म्हणून मामांनी आणखी एक वेढा घेतला.

बैलाने खरोखरच बाजूला होऊन वाट दिली. मी त्याच दिवशी अकोल्याहून आलो होतो, काखेत गाठोडं होतं. मला वाटलं, कोणाच्या लग्नाची घाई असेल. संध्याकाळी कळलं की हे रोजचंच आहे, आणि ज्यांच्या घरी मला खोली मिळाली ते घरमालक हेच.

मामा कोणाचेच सख्खे मामा नव्हते. सगळा कापूसबाजार त्यांना मामा म्हणे, म्हणून त्यांची बायको मामी. घराणं माळ्याचं. वेशीबाहेर भाजीचा मळा होता, तो मामी बघत आणि सकाळी बाजाराच्या तोंडाशी टोपली मांडून बसत. मामा दलाल होते. शेतकऱ्याची गाडी आणि व्यापाऱ्याची खरेदी यांच्यामध्ये उभं राहून भाव जुळवायचा, हा त्यांचा धंदा. तो तोंडाने करायचा नसे. व्यापाऱ्याचा हात दलालाच्या हातात, दोन्ही हातांवर दलालाचं उपरणं टाकलेलं, आणि खाली बोटांची बोली. कोणतं बोट धरलं, किती दाबलं, कुठे सोडलं, यावर भाव ठरे. वरून बघणाऱ्याला कापड हललेलं तेवढं दिसे. मामांची बोटं साऱ्या बाजारात नावाजलेली होती. त्यांनी हात हातात घेतला की व्यापारी नरम होतो, असं शेतकरी म्हणत.

मी एका शेठच्या अडतीत काट्यावर कारकून म्हणून लागलो होतो. मामा त्याच अडतीचे दलाल.

ती वर्षं काय होती, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कसं सांगू? समुद्रापलीकडे अमेरिका नावाच्या मुलखात लढाई जुंपली होती. तिथला कापूस विलायतेला पोचेना, म्हणून विलायतेचे डोळे आमच्या वऱ्हाडच्या काळ्या रानाकडे लागले. कापसाला सोन्याची किंमत आली. कालपर्यंत ज्याच्या अंगणात एक धोतर वाळत होतं, त्याच्या अंगणात रेशीमकाठी धोतरांची रांग दिसू लागली. बैलांच्या शिंगांना गोंडे, माणसांच्या कानांत भिकबाळ्या. रोज नवी बातमी, रोज नवा भाव! आम्ही तरुण पोरं जमिनीवर चालत नव्हतोच.

एक गोष्ट मात्र मला इथे लिहिली पाहिजे, नाहीतर पुढचं लिहिताना हात अडखळेल. देवापुढे उभा राहिलो की मी मनात म्हणे, ही लढाई एवढ्यात मिटू नये. तिकडे कोणाची तरी तरणी पोरं मरत होती आणि इकडे मी नव्या उपरण्याला रेशमी काठ लावून घेत होतो. आज वय उतरणीला लागल्यावर ते नवस आठवतात आणि जेवण गोड लागत नाही. तरीही मामांची आठवण आली की अंगात तेव्हाचीच धावपळ शिरते. त्याला माझा इलाज नाही.

तेजी आली तशी मामांनीही खरेदी सुरू केली. केशरी पागोटं, हिरवं पागोटं, बुट्ट्यांचा अंगरखा, जरीच्या काठाचं उपरणं. पेटी भरली, मग दुसरी पेटी आली. आणि कपडे वाढले तसा त्यांचा उशीर वाढला. भिंतीपलीकडून मला रोज सकाळी ऐकू येई:

"अवो, केशरी बांधू का हिरवं?"

"आधी डोस्कं ठिकानावर ठेवा, मंग पागोटं!"

"बुट्ट्याच्या अंगरख्यावर हिरवं जमन का?"

"बैलाले इचारा. तोच पाहते तुमाले रोज."

बाराबंदीचा एखादा बंद तुटलेला असे. धोतराच्या निऱ्या एकीकडे जास्त येत, मग पुन्हा सोडणं आणि पुन्हा नेसणं. आणि उपरणं हरवलेलं असे. ते खाटेखाली सापडे, कधी गोठ्यात, एकदा तर म्हशीच्या पाठीवर. मामा बाजारात पोचत तेव्हा ऊन चढलेलं असे आणि चांगल्या गाड्या दुसऱ्यांच्या दारी उभ्या असत.

होळीच्या सुमाराला हंगाम संपत आला, तेव्हा शेठने त्यांना गादीसमोर बसवलं. शेठ मारवाडचे, पण इथेच वाढलेले. बोलणं दोन्हीकडचं.

"मामा, तुमचे हात सोन्याचे. पण देखो, हात बाजारात आले तर कामाचे ना? दिवाळीनंतर मुहूर्ताच्या दिवशी पहिली गाडी लागेल. तिचा सौदा जो दलाल जुळवेल, सालभराच्या दलालीचा विडा त्याला. तुम्ही नाही जुळवला तर तुमचा साळा तयारच आहे."

मामांचा मेव्हणा, म्हणजे मामींचा धाकटा भाऊ, हाही दलाल होता. तो कोपऱ्यात उभा राहून मिशीतल्या मिशीत हसला.

घरी येऊन मामा ओसरीवर बसले. "गेली तर गेली दलाली," ते म्हणाले. "वांगी इकीन मी."

"वांग्याचं नाव नोका काढू," मामी म्हणाल्या. "वांगीबी उजाडाच्या आतच तोडा लागते."

मामांचं तोंड तेव्हा जसं झालं तसं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. दलाली गेली असती तर पैसा गेला असता, ते एक. पण ज्या बोटांचा त्यांना अभिमान होता त्या बोटांना कामच उरलं नसतं. ते एकदम उठले, आत गेले आणि दोन्ही पेट्या ओढत अंगणात घेऊन आले.

"अकोलेकर, ये लेका! आज कचेरी भरून राह्यली!"

आणि खरोखर कचेरी भरली! मामा बाजेवर बसले, एकेक कपडा समोर धरायचे आणि त्याला विचारायचे, "बोल, तू मले सकायी कोनतं काम सांगतं?" मग कपड्याच्या वतीने स्वतःच जबाब द्यायचे. बाराबंदी उभी राहिली. "बारा गाठी मारा म्हनते. हकाला तिले." बुट्ट्यांचा अंगरखा आला. "याच्यासंगं कोनतं पागोटं चालते ते ठरवा म्हनते. सकायी डोस्क्याले काम सांगते. हकाला!" कचेरीत सुटका कोणाची झालीच नाही. सगळ्यात शेवटी उपरणी आली.

"हे तर रोज हरपते," मामा म्हणाले. "जे रोज हरपते ते आपलं नसतेच."

मामींनी तो सगळा ढीग आनंदाने उचलला. पावसाळ्यात त्याच्या त्यांनी गोधड्या शिवल्या. अमरावतीत जरीच्या काठाच्या गोधडीवर झोपणारं घर आमचं एकच असेल.

सकाळी डोक्याला काम देऊ नये, हे मामांचं सगळ्यात मोठं तत्त्व. डोकं बाजारासाठी राखून ठेवायचं. कपडे असे हवेत की आंधळ्याने कोणतेही उचलले तरी जोडी जमली पाहिजे. त्यासाठी सगळं एका कापडाचं हवं आणि ते कापड कोरं, बिनरंगी. याला कारण होतं. बाजारात दिवसभर कापसाचे तंतू उडत. केशरी पागोटेवाले संध्याकाळी अंगावर बुरशी चढल्यासारखे दिसत. कोऱ्या कापडावर कापूस बसला काय आणि नाही बसला काय!

पण कोरं, जाड, टिकाऊ कापड मिळेना. कापसाच्या मुलखात कापड मिळेना, याचं तेव्हा मला हसू आलं होतं. शेवटी मी म्हणालो, बाळापूरचे कोष्टी आमच्या वडिलांच्या ओळखीचे आहेत. मामा दुसऱ्याच दिवशी बैलांची हलकी दमणी जुंपून तयार! वाटेत अकोल्याला आमच्या घरी मुक्काम झाला. आईने विचारलं, "कापूस घ्यायला निघालात?" मामा म्हणाले, "नाई माय, सकाय घ्याले निंगालो. माही सकाय गमावली हाय."

बाळापुरात किल्ल्याखालच्या आळीत तो म्हातारा कोष्टी बसला होता. मागावर कोळ्याचं जाळं.

"सूत कोठून आनू?" तो म्हणाला. "समदा कापूस तुमीच गाड्या भरभरून साहेबाच्या मुलखाले धाडून राह्यले. मले इचारता, कापड काहून नाई?"

मी खाली पाहिलं. पण मामांनी मागाजवळ बसून त्याच्याशी असं बोलणं लावलं, जसं दोघं शेजारी आहेत. बंडी कशी हवी, निऱ्या कशा शिवायच्या, पागोटं कसं टोपीसारखं उचलून डोक्यावर ठेवायचं, हे सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. म्हातारा ऐकता ऐकता हसायला लागला, मग उठून आतल्या उतरंडीमागून त्याने एक थान काढलं. मुलीच्या सासरी द्यायला म्हणून ठेवलेलं होतं. "घेऊन जा," तो म्हणाला. "पोरगी ऐकीन त तीबी हासन." मामांनी त्याला परतीच्या वाटेवरून गाडीभर कापूस पाठवला, ओळखीच्या शेतकऱ्याकडून. त्याच्या मागावरचं जाळं निघालं, हे मला नंतर वडिलांकडून कळलं. मला स्वतःला ते सुचलं नव्हतं.

मग शिंप्याची पाळी आली. मामांना बंदांच्या जागी गुंड्या हव्या होत्या, त्याही तीनच आणि मोठ्या. इथवर शिंप्याने मान डोलावली. पण मामांनी जोड्यांकडे बोट केलं.

"हे पाह्य. चांभारानं जोडा केला त त्याले डावा-उजवा नाई. कोनताबी पाय घाल. तशी बंडी कर. पुढून घातली काय, मांगून घातली काय!"

"मालक," शिंपी म्हणाला, "पायाचं येगळं. मानूस पुढून आन् मांगून येगळा असते."

"किती येगळा?"

शिंप्याने मामांच्या पोटाकडे पाहिलं. "तुमच्यात तर गंज फरक हाय."

पहिली बंडी तरी मामांनी तशीच शिवून घेतली. ती घालून ते बसले की गुंड्या पाठीत रुतत आणि उभे राहिले की पोट बाहेर येई. दुसरीपासून पुढचं पुढे आणि मागचं मागे राहिलं. धोतर मात्र त्यांनी सोडलं नाही. निऱ्या कायमच्या शिवून टाकल्या, काष्टाही शिवला, वर नाडी ओवली. पाय घालायचे आणि नाडी ओढायची. पूजेला शिवलेलं चालत नाही म्हणून गावातल्या भटजींनी नाक मुरडलं तेव्हा मामा म्हणाले, "देवापुढं जुनंच नेसीन. देव कापूस इकाले बसत नाई, त्याले घाई नाई."

पागोट्याने सगळ्यांत जास्त छळलं. मामांनी आपल्या डोक्याएवढा माठ शोधला. त्यासाठी कुंभाराच्या आव्यासमोर बसून एकेक माठ डोक्यावर घालून पाहिला. त्या माठावर पागोटं बांधून त्याला भाताची खळ लावली आणि वाळवलं. झकास टोपी झाली! दुसऱ्या दिवशी मामा भाजीच्या मळ्यात गेले, पावसाची सर आली आणि खळ विरघळून कानांवरून ओघळली. वाळवायला ठेवलं तर रात्रीतून मुंग्या आल्या. सकाळी मामांनी ते घातलं आणि पुढचं मी लिहीत नाही. मामी इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला धरावं लागलं. शेवटी शिंप्यानेच वेढ्यावेढ्याला आतून टाके घातले. मग मात्र ते पागोटं वाऱ्याला, पावसाला, म्हशीला कोणालाच दाद देईना.

आता खुंट्या. मामांच्या खाटेपासून दारापर्यंतच्या भिंतीवर त्यांनी खुंट्या ठोकल्या, ज्या क्रमाने घालायचं त्या क्रमाने. आधी धोतर, मग बंडी, मग पागोटं, आणि उंबऱ्याशी जोडे. कपड्यांसाठी थांबायचंच नाही. चालत राहायचं, हात आपसूक खुंटीकडे जातो. दारात पोचलं की माणूस तयार. प्रत्येक कपडा दोन-दोन, एक अंगावर आणि एक दोरीवर. धुऊन आला की आपल्याच खुंटीवर. मामी ही शिस्त मोडू देत नसत. एकदा मी माझं ओलं धोतर मामांच्या खुंटीवर टांगलं, तर मामींनी मला दोन दिवस वांग्याशिवाय काही वाढलं नाही.

आणि मग सुरू झाल्या परीक्षा! श्रावणापासून रोज पहाटे मामी चुलीवर दूध चढवत आणि हाक मारत. दूध उतू जायच्या आत मामा अंगणात आले पाहिजेत. पहिल्या दिवशी दूध उतू गेलं आणि चूलही विझली. मामा आले ते एका पायात धोतर घालून. मग हळूहळू जमू लागलं. शेजारचे लोक कुंपणापाशी येऊन बसू लागले. "आज दूध जिंकते!" "नाई बाप्पा, आज मामा!" अशा आरोळ्या. एके पहाटे मामा डोळ्यांवर फडकं बांधून निघाले. आतून पावलं ऐकू येत होती, नाडी ओढल्याचा आवाज, गुंड्यांची टकटक, आणि दुधाला साय धरून कडा फुगत होती. दूध वर आलं, अगदी काठाशी आलं, आणि दारातून मामा बाहेर! पागोटं सरळ, जोडे पायांत, डोळ्यांवर फडकं तसंच. मामींनी पातेलं उतरवलं आणि एकही थेंब सांडला नाही. सगळ्या आळीने टाळ्या पिटल्या. मी तर उड्या मारल्या. त्या दिवशी आम्ही सगळे ते दूध प्यायलो.

हे सगळं हंगाम बंद असताना चाललं होतं. बाजार ओस, गाड्या नाहीत, कोणाचा हात कोणाच्या हातात नाही. मामांना, मामींना, मला, कुंपणावरच्या एवढ्या शहाण्यांना, कोणालाही एक साधी गोष्ट सुचली नाही.

मुहूर्ताचा दिवस उजाडायचा होता. थंडी चांगलीच होती. झुंजुमुंजू उजेडात मी आणि मामा बाजारात पोचलो तेव्हा फक्त एकच गाडी लागली होती. भातकुलीकडचा एक म्हातारा शेतकरी कापसावर घोंगडी घेऊन बसला होता. दुसरा एकही दलाल नव्हता! मामा गाडीच्या चाकाला हात लावून उभे राहिले, नवऱ्या मुलासारखे. मग हळूहळू लोक जमले, मागे आणखी गाड्या लागल्या. मामी टोपली घेऊन आल्या. शेठ आले, मामांना पाहून डोळे चोळून पुन्हा पाहिलं. मेव्हणा आला आणि त्याचं तोंड उतरलं.

"वा मामा!" शेठ म्हणाले. "आता सौदा."

मुंबईच्या पेढीचा खरेदीदार पुढे झाला. जाड मिशांचा, अबोल माणूस. त्याने रिवाजाप्रमाणे उजवा हात पुढे केला. मामांनी तो हातात घेतला आणि डाव्या हाताने आपल्या खांद्यावरचं उपरणं ओढायला गेले.

खांद्यावर काहीच नव्हतं.

मामांनी पुन्हा खांदा चाचपला. मग दुसरा खांदा. मग माझ्याकडे पाहिलं. इतके महिने आम्ही माणसाच्या अंगावरची एकेक सुटी चिंधी कापत, शिवत, काढत आलो होतो, आणि दलालाचा सगळा धंदा त्या एका सुट्या चिंधीखाली चालायचा!

"काय भाऊजी, काय शोधून राह्यले?" मेव्हण्याला एका क्षणात सगळं उमगलं. त्याने आपलं रेशमी उपरणं झटकून पुढे केलं. "हे घ्या. घरचंच हाय."

ते घेता येत नव्हतं. बाजाराची जुनी रीत होती: ज्याचं फडकं त्याचा सौदा. मेव्हण्याच्या उपरण्याखाली भाव ठरला असता तर विडा मेव्हण्याचा. मी घाईघाईने माझं उपरणं काढलं, पण मामांनी माझा हात बाजूला सारला. मी शेठचा नोकर. माझं फडकं म्हणजे शेठचं, मग दलाल हवाच कशाला? शेतकऱ्याची घोंगडी घेतली तर सौदा शेतकऱ्याचा.

मामांनी पागोट्याला हात घातला. वेढा सुटेना, शिंप्याचे टाके पक्के होते. बंडीचं टोक ओढलं, ते बोटभर बाहेर येईना. हात कमरेकडे गेला.

"अहो," टोपलीमागून मामी ओरडल्या, "आता काय धोतर सोडता का?"

"सुटत नाई ना ते!" मामा कळवळून म्हणाले. "शिवलं हाय!"

अख्खा बाजार हसला. खरेदीदाराचा हात तसाच हवेत. गाडीवरचा म्हातारा म्हणाला, "मामा, बैल सोडू का जुंपलेलेच राहू देऊ?" शेठने हळूच मेव्हण्याकडे नजर टाकली. ती नजर मामांनी पाहिली.

आणि मग मामांनी खरेदीदाराचा हात घट्ट धरला, गाडीच्या कडेला ओढलं आणि दोघांचे हात कोपरापर्यंत कापसात खुपसले!

हसू एकदम थांबलं. खरेदीदाराच्या मिशा वर गेल्या. कापूस हलू लागला, आत मांजर शिरल्यासारखा. इथे फुगला, तिथे दबला. मामांचे डोळे मिटलेले होते आणि कपाळावर त्या थंडीतही घाम. खरेदीदाराने मान हलवली, नाही. कापूस पुन्हा उसळला. पुन्हा नाही. म्हातारा वरून वाकून आपल्याच कापसात डोकावू लागला. "काय म्हनते? काय म्हनते?" मग खरेदीदाराचा हात आणखी खोल गेला, थेट खांद्यापर्यंत, आणि त्याचा चेहरा बदलला.

"आतून कोरडा आहे," तो पहिल्यांदाच तोंडाने बोलला. "वर तसाच खाली. वजन वाढवायला पाणी मारलेलं नाही."

"माहा कापूस हाय!" म्हातारा छाती काढून म्हणाला. "पानी मी पेतो, कापसाले नाई पाजत."

कापूस एकदा जोरात हलला आणि शांत झाला. दोघांनी हात बाहेर काढले. खांद्यापर्यंत पांढरे, लोकर आलेल्या मेंढ्यांसारखे.

"जमलं!" मामा गर्जले. खरेदीदाराने मान डोलावली.

"जमलं कसं?" मेव्हणा मध्ये घुसला. "रीत हाय रीत! ज्याचं फडकं त्याचा सौदा. कापूस कोनाचा? या बुढ्याचा. मंग दलाली बुढ्याची!"

"बरोबर बोलते पोरगा!" म्हातारा गाडीवरून खाली उतरला. "आना, दलाली आना!"

सगळे शेठकडे पाहू लागले. शेठ गोंधळले. रीत तर खरीच होती. मामांनी शांतपणे पागोट्यावरचा कापूस झटकला.

"फडकं?" ते म्हणाले. "फडकं कोठं हाय अठी? हा कापूस हाय. हा पिंजाचा हाय, याचं सूत काढाचं हाय, मागावर चढवाचं हाय. याचं फडकं होईन ना, तवा येजो लेका दलाली मांगाले!"

मग शेठ हसायला लागले. ते असे हसले की त्यांच्या पोटावरचा अंगरखा हलू लागला. खरेदीदार हसला, म्हातारा हसला, आणि मेव्हणा आधी हसायचं नाही म्हणून ओठ दाबत होता तोही फुटला. मी तर टाळ्या पिटत गाडीभोवती फेरी घातली. मागे लागलेल्या गाड्यांवरून आरोळ्या सुरू झाल्या: "मामा, माह्या कापसात हात घाला! माहाबी कोरडा हाय!" "आधी माही गाडी!" ज्याचा माल खरा त्याला कापसात शिरणारा हात हवाच होता.

शेठने विडा पुढे केला. मानाचा विडा उपरण्याच्या टोकात घ्यायचा असतो. मामांनी आपले दोन पांढरे हात पाहिले, अंगावर पाहिलं, आणि ओशाळून उभे राहिले. तेवढ्यात टोपली सोडून मामी गर्दीतून पुढे आल्या आणि त्यांनी शेठसमोर पदर पसरला.

शेठ थबकले. बाजारात असं कधी झालं नव्हतं.

"टाका शेठ," मामी म्हणाल्या. "यायच्या अंगावर ठेवाले जागा कोठं हाय?"

"बाई, काय हे!" मेव्हणा पुटपुटला.

"काय झालं रे? घरातलीच गोष्ट घरी चालली."

शेठने मामांकडे पाहिलं. मामांनी मान डोलावली, इतकी जोरात की पागोटं हलायला हवं होतं, पण टाके पक्के. विडा मामींच्या पदरात पडला. त्यांनी तो कमरेला खोचला आणि वळल्या, तर मामा तिथे नव्हते. ते पुढच्या गाडीत खांद्यापर्यंत बुडाले होते आणि मला ओरडत होते, "काय पाहून राह्यला बे अकोलेकर? काटा लाव!"

मी काट्याकडे धावलो. तेवढ्यात मामी म्हणाल्या, "अहो, उजाडलं पाहा."

गाड्यांच्या रांगेपलीकडे, कापसाच्या ढिगांवर, सूर्य वर येत होता. मामांनी कापसातला हात न काढताच मान वळवली. इतकी वर्षं ते या बाजारात येत होते, पण सूर्य उगवायच्या आधी कधी आले नव्हते. ते बराच वेळ बघत राहिले.

"अस्सं?" ते म्हणाले. "रोज अठूनच निंगते का हा?"